गाडीवानाची जागा

वाचकहो, प्रथम एका चुकीची कबुली देते आणि मग त्या चुकीने मला जेथवर नेले, तेथवर आपणांस घेऊन जाते.

काही महिन्यांपूर्वी याच मासिकात जुन्या काळच्या वाहनांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. मूळ लेख इंग्रजी. मराठी अनुवाद माझा. त्यात एके ठिकाणी गाडीवान 'बॉक्स'वर चढतो आणि लगाम हाती घेतो, असे वाक्य होते. अंक छापखान्यात धाडण्याची घाई, टेबलावर मुद्रितांचा ढीग, आणि 'बॉक्स' हा शब्द तर शाळकरी मुलासही ठाऊक असलेला. मी बेधडक लिहून टाकले : 'गाडीवान पेटीवर चढला.' मुद्रिते तपासताना ते कोणाच्याही नजरेस खटकले नाही. अंक घरोघर गेला.

पंधरवड्याने माळव्यातून एका वयोवृद्ध वाचकांचे पोस्टकार्ड आले. अक्षर थरथरते, परंतु वळणदार. त्यांचे वडील एका सरदारांच्या वाड्यावर बग्गी हाकीत असत. बग्गीच्या पुढल्या उंच आसनास इंग्रजीत ते नाव आहे, हे त्यांनी मला समजावून दिले होते. त्या आसनाखाली कधीकाळी हत्यारांची पेटी ठेवीत असतील आणि त्यावरून तो शब्द पडला असेल. पण गाडीवान काही पेटीवर बसत नाही, तो आपल्या जागेवर बसतो, असे त्यांचे म्हणणे. पत्राच्या शेवटी एकच वाक्य निराळ्या सुराचे होते. आपले वडील चाळीस वर्षे त्या जागेवर बसले आणि अनुवादकर्त्या बाईंनी एका शब्दासरशी त्यांना सामानावर नेऊन बसविले, अशा आशयाचे. त्यात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते.

शब्दकोश उघडून पाहावा एवढेही आपल्याला सुचू नये, याची मला मनस्वी खंत वाटली. प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी घोडागाड्यांविषयी मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता दोन गाड्यांच्या एका विलक्षण प्रवासाशी येऊन थांबले. तो प्रवास सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा. त्याचा सारा घोळ शेवटी त्याच एका जागेपाशी येऊन अडला होता : गाडीवानाच्या.

२६ सप्टेंबर १७९२ रोजी इंग्लंडमधील पोर्टस्मथ बंदरातून एक वकिलात चीन देशाकडे निघाली. तिचे प्रमुख होते लॉर्ड जॉर्ज मॅकार्टनी. हे गृहस्थ आपल्या देशास अगदीच अपरिचित नव्हेत. १७८१ ते १७८५ या काळात ते मद्रासचे गव्हर्नर होते. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, परंतु व्यापारास केवळ कँटन हे एकच बंदर मोकळे होते. पेकिंगमध्ये आपला कायमचा वकील राहावा, आणखी काही बंदरे खुली व्हावीत, अशा मागण्या घेऊन राजा तिसरा जॉर्ज याने त्यांना बादशहा चिएनलुंग याच्या दरबारी पाठविले. खर्च ईस्ट इंडिया कंपनीचा. 'लायन' नावाच्या युद्धनौकेवर मंडळी होती, आणि सोबत होते कंपनीचे 'हिंदोस्तान' नावाचे मोठे व्यापारी जहाज.

भेटींची सामग्री थोडीथोडकी नव्हती. ग्रहमालेची गती दाखविणारे एक प्रचंड यंत्र, पृथ्वीचे व आकाशाचे गोल, घड्याळे, काचेची झुंबरे, दुर्बिणी, तोफा. आणि या सर्वांत दोन घोडागाड्या. लंडनमध्ये जॉन हॅचेट हा त्या काळचा नामांकित गाडी-कारागीर होता. त्याच्या कारखान्यात त्या बनल्या होत्या. एक उन्हाळ्यात बसण्यासाठी, दुसरी हिवाळ्यासाठी. आपल्या कारागिरीचा कळस बादशहाने पाहावा आणि प्रसन्न व्हावे, हा हेतू उघड होता.

आपल्यापैकी ज्यांनी लग्नातले लाकडी कपाट एका गावाहून दुसऱ्या गावी हलविले असेल, त्यांना घोडागाडी समुद्रापार नेणे म्हणजे काय याची थोडी कल्पना येईल. गाडी ही एक वस्तू दिसते, पण ती अनेक वस्तूंचा समेट असते. लाकडी तुंबा, त्यात बसविलेले आरे, त्यांना कवळणारी लाकडी पाळ आणि तिच्यावर तापवून चढविलेली लोखंडी धाव. लोखंड निवताना आकसते आणि साऱ्या चाकाला आवळून धरते. हवा फार कोरडी झाली की लाकूड सुकून धाव ढिली पडते. ओल लागली की लाकूड फुगते. पोलादी कमानींना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, चामड्याला बुरशी येते, रोगणाला तडे जातात. म्हणून लांबच्या प्रवासात गाडी उलगडून, चाके आणि दांड्या वेगळ्या काढून, प्रत्येक भाग स्वतंत्र बांधून नेणे हाच शहाणपणाचा मार्ग. मग मुक्कामी पोहोचल्यावर ती पुन्हा जुळविणारे हातही सोबत न्यावे लागतात.

आणि प्रवास तरी केवढा! पोर्टस्मथहून मदीरा व टेनेरिफ ही बेटे, तेथून अटलांटिक ओलांडून रिओ दी जानेरो, मग पुन्हा पूर्वेस वळून जावातील बटाव्हिया, तेथून व्हिएतनामचा किनारा, आणि शेवटी चीनच्या किनाऱ्याने उत्तरेकडे. दहा महिने. १७९३ च्या जुलैअखेर जहाजे चीनच्या उत्तरेकडील आखातात नांगरली, तेव्हा नवीच अडचण पुढे आली. पेइहो नदीच्या मुखाशी वाळूचा बांध असल्याने पाणी उथळ. मोठी जहाजे आत शिरेनात. मग सारा माल चिनी गलबतांत उतरविला. नदीत शिरल्यावर तो आणखी लहान नावांत चढविला. तिएनत्सिन मागे टाकून नावा तुंगचौपर्यंत गेल्या, आणि तेथून पेकिंगपर्यंतची वाट खुष्कीची.

वकिलातीबरोबर गेलेल्या जॉन बॅरो यांनी पुढे १८०४ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या मिरवणुकीचा तपशील आहे. सुमारे ६०० गाठोडी आणि पेट्या. त्या वाहून नेणारे सुमारे ३००० हमाल. काही पेट्या एवढ्या अवजड की एकेकीस बत्तीस माणसांनी खांदा द्यावा. त्यांच्या मागोमाग ८५ गाडे आणि एकेका चाकाच्या ३९ हातगाड्या. बत्तीस खांद्यांवरून, जमिनीला चाक न टेकविता, घोडागाडीची शोभायात्रा निघावी, यातील गंमत त्या वेळी कोणाच्या लक्षात आली असेल की नाही, कोण जाणे!

एवढ्या सायासाने सामान पेकिंगजवळच्या युआनमिंगयुआन या बादशाही उद्यानात पोहोचले. अवजड वस्तू तेथे मांडावयाच्या होत्या. बॅरो यांना त्या कामावर तेथेच ठेवले होते. गाड्या उलगडून उभ्या झाल्या, आणि दरबारी मंडळी त्यांच्याभोवती कोड्यात पडली.

हिवाळी गाडीच्या पुढल्या उंच आसनावर भरजरी आच्छादन घातलेले होते. त्याला गुलाबफुलांच्या झालरी होत्या. एवढी उंच, एवढी सुंदर जागा! ती बादशहांची, याविषयी पाहणाऱ्यांना शंका उरली नाही. परंतु मग आतल्या, खिडक्या आणि पडदे असलेल्या कोठडीत कोणी बसावयाचे? पुष्कळ विचारांती त्यांनी ठरविले की, ती जागा राण्यांची असली पाहिजे. तरी खातरी करून घ्यावी म्हणून एक वृद्ध खोजा धावत बॅरो यांच्याकडे आला. बॅरो यांनी सांगितले की, ती उंच जागा गाडीवानाची. बादशहांनी आत बसावयाचे. त्यावर त्या खोजाने थट्टेच्या स्वरात त्यांना विचारले की, बादशहांपेक्षा उंच बसून, त्यांच्याकडे पाठ करून राहणारा माणूस बादशहा सहन करतील, असे तुम्हांस वाटते काय? आणि मग, ती जागा तेथून काढून गाडीच्या मागच्या बाजूस बसविता येणार नाही का, अशी विचारणाही झाली.

वाचकहो, हसू येते खरे. मलाही आले. परंतु थोडा वेळ त्या खोजाच्या जागी उभे राहून पाहा. बादशहा चिएनलुंग बाहेर पडे तो सोळा भोयांनी उचललेल्या पालखीतून. तेथे वाहणारा खाली आणि बसणारा वर, हा क्रम डोळ्यांना स्पष्ट दिसतो. भोई पुढे चालतो त्याचीही पाठच असते. पण त्याचे डोके खाली असते. घोडागाडीने हा क्रमच उलटा केला. गाडीवान उंच बसतो तो मानासाठी नव्हे. घोड्यांच्या माथ्यावरून पुढचा रस्ता दिसावा आणि लगाम कोठे न अडकता हाती राहावा, म्हणून. इंग्रजाला हे इतके अंगवळणी पडलेले की, सांगण्याची गरज त्याला भासली नाही. चिन्याला उंचीचा अर्थ इतका अंगवळणी पडलेला की, दुसरा काही अर्थ असेल असे त्याच्या मनात आले नाही. गाडी सुखरूप पोहोचली; तिचा अर्थ वाटेत हरवला.

अर्थ वाहून नेण्याची सोय तरी काय होती? इंग्लंडमध्ये त्या वेळी चिनी भाषा जाणणारा दुभाष्या मिळेना. म्हणून मॅकार्टनींचे सहकारी जॉर्ज लेनर्ड स्टॉन्टन इटलीतील नेपल्स शहरी गेले. तेथे चिनी तरुणांना धर्मोपदेशक म्हणून शिकविणारी एक पाठशाळा होती. तेथून दोन दुभाषे मिळाले. त्यांपैकी एक मकाव येथे, शिक्षेच्या भयाने, वकिलातीतून बाहेर पडला. उरला ली नावाचा एकच. इंग्रजी वेष चढवून, कमरेला तलवार लावून तो शेवटपर्यंत सोबत राहिला. त्याला येत होत्या लॅटिन आणि इटालियन. म्हणजे इंग्रजांनी आपले म्हणणे लॅटिनात घालावे, लीने ते चिनीत सांगावे, आणि उत्तर त्याच वाटेने उलट यावे. एका माणसाच्या खांद्यावर दोन साम्राज्यांचे बोलणे! त्या बत्तीस हमालांचे ओझे मला त्यापुढे हलके वाटते.

वकिलातीत आणखी एक विद्यार्थी होता. स्टॉन्टन यांचा मुलगा, वय अवघे बारा. जहाजावरच्या चिनी सोबत्यांकडून तो दहा महिन्यांत चिनी बोलावयास आणि लिहावयास शिकला. १४ सप्टेंबर १७९३ रोजी जेहोल येथे बादशहाची भेट झाली, तेव्हा हा मुलगा दोन शब्द चिनीत बोलला. बादशहाने प्रसन्न होऊन आपल्या कमरेची थैली सोडून त्याला दिली. हॅचेटच्या दोन गाड्यांनी जे साधले नाही, ते एका बालकाच्या चार-दोन वाक्यांनी क्षणभर साधले.

क्षणभरच. कारण शब्दांचा गुंता याहून खोल होता. नदीवरून जाताना वकिलातीच्या नावांवर जी निशाणे फडकत होती, त्यांवर चिनी अक्षरांत लिहिलेले होते की, इंग्लंडचा दूत बादशहांसाठी खंडणी घेऊन येत आहे. मॅकार्टनींना हे कळले होते. त्यांनी तिकडे काणाडोळा केला. भेट, नजराणा आणि खंडणी! आपल्या मराठीत हे तीन शब्द आहेत आणि तिन्हींत हातांची उंची निराळी. भेट बरोबरीच्या हाताने देतात, नजराणा खालच्या हाताने वर करतात, खंडणी वाकविलेल्या हातातून घेतली जाते. पेटाऱ्यातली वस्तू तीच.

बादशहाचे उत्तर आले ते साफ नकाराचे. तुमच्या देशाच्या कारागिरीची आम्हांस गरज नाही आणि मागण्या मान्य करता येत नाहीत, असा त्याचा मथितार्थ. ते लॅटिनमध्ये उतरविणाऱ्या पेकिंगमधील युरोपीय पाद्र्यांनी त्यातील काही शब्दांची धार कमी केली. ७ ऑक्टोबरला मंडळी पेकिंगहून परत फिरली. बोलणी गाडीवानाच्या आसनापायी फिसकटली, असे मात्र कोणी समजू नये. कारणे मोठी होती. आसन ही त्या कारणांची खूण होती, इतकेच.

या प्रवासात तिसरीही एक घोडागाडी होती, आणि तिची हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मॅकार्टनींनी स्वतःच्या वापरासाठी एक हलकी इंग्रजी गाडी नेली होती. पेकिंगहून जेहोल सुमारे २२० किलोमीटर. तो प्रवास त्यांनी २ सप्टेंबरपासून ८ सप्टेंबरपर्यंत बराचसा त्याच गाडीतून, तिला चार लहान तार्तारी घोडी जोडून, केला. वाटेत ते बरोबरच्या चिनी अंमलदारांना पाळीपाळीने आपल्या शेजारी बसवून घेत. प्रथम ही मंडळी धास्तावली. गाडी उलटेल की काय, असे त्यांना वाटले. चिनी गाड्यांना कमानी नसत, त्यामुळे या गाडीचे झुलणे त्यांना नवे होते. पण थोड्याच वेळात भीती मावळली, आणि तिच्या वेगावर आणि मऊपणावर ते खूश झाले. आसन कोणाचे उंच आणि कोणाचे ठेंगणे, हा प्रश्न त्या गाडीपुरता तरी आड आलेला दिसत नाही. समोर मांडून ठेवलेल्या गाडीने वाद उत्पन्न केला. सोबत बसवून घेतलेल्या गाडीने तो मिटविला. गाडी बघण्यासाठी नसते, बसण्यासाठी असते.

बादशहासाठी नेलेल्या गाड्यांच्या नशिबी मात्र बघणेही फारसे आले नाही. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच सैन्य युआनमिंगयुआनमध्ये शिरले, तेव्हा मॅकार्टनींनी आणलेल्या वस्तूंपैकी कित्येक तेथे जशाच्या तशा सापडल्या. त्यांत या गाड्याही होत्या. सदुसष्ट वर्षे त्यांना घोडा जुंपलेला नव्हता. त्यानंतर त्या उद्यानातील प्रासादांची लूट झाली आणि लॉर्ड एल्गिन यांच्या हुकुमावरून ते जाळण्यात आले. हेच एल्गिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले, आणि १८६३ साली येथेच वारले. धरमशाळेस त्यांची कबर आहे. भेट घेऊन आलेल्यांच्या देशाने ती आग लावावी, हा इतिहासाचा कठोर विनोद होय.

उंचनीच आसनांचे हे मर्म आपल्याकडेही चांगलेच ठाऊक होते. मॅकार्टनी इंग्लंडमध्ये पेट्या भरीत होते त्याच वर्षी, १७९२ मध्ये, महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांस दिलेली पदव्यांची वस्त्रे घेऊन पुण्यास आले. उत्तरेत ज्यांच्या शब्दावर दिल्ली हलत होती ते महादजी, सवाई माधवरावांपुढे सर्व मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले आणि त्यांनी बगलेतून पेशव्यांसाठी नवे जोडे काढले, अशी कथा सांगतात. आपला पिढीजात अधिकार एवढाच, असे त्यांना दाखवायचे होते. खाली बसून वर कसे राहावे, हे त्यांना समजत होते. आसनाची भाषा दोन्ही पक्षांना सारखीच येत असल्यामुळे, तेथे दुभाष्याची गरज पडली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. घोडागाडी आपल्या नजरेआड होत चालली आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांना उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरविले, आणि घोड्यांचे हाल पाहता त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. राष्ट्रपतींची बग्गी चाळीस वर्षांच्या खंडानंतर २६ जानेवारी २०२४ रोजी प्रजासत्ताकदिनाच्या समारंभात पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा घरातल्या मुलांनी ती परीकथेतले वाहन पाहावे तशी पाहिली. वस्तू गेली की तिच्या अंगाखांद्यावरचे शब्दही जातात. तुंबा, आरे, धाव, कमान हे शब्द उद्याच्या अनुवादकाला कोण सांगणार? तो 'बॉक्स' वाचील आणि माझ्यासारखाच 'पेटी' लिहील.

आम्ही अनुवादक म्हणजे एका अर्थी माल वाहून नेणारेच. एका भाषेतील गाडी उलगडावयाची, भाग सुटे करावयाचे, समुद्र ओलांडावयाचा आणि दुसऱ्या काठावर ती पुन्हा जुळवावयाची. चाक जागेवर बसले, दांड्या जागेवर बसल्या, की काम झाले असे आम्हांस वाटते. पण गाडीत कोण कोठे बसतो, हे जुळविल्याशिवाय काम होत नाही. इंग्रजीत सर्वांना मिळून एकच 'यू' असतो. मराठीत आणताना मला प्रत्येक वेळी ठरवावे लागते की, हा 'तू' आहे, 'तुम्ही' आहे, की 'आपण'. डॉक्टर रोग्याला काय म्हणतो? मालकीण मोलकरणीला काय म्हणते? आणि मोलकरीण तिला? एका अक्षराच्या फेराने मी कोणाला तरी वर बसविते, कोणाला तरी खाली. मूळ लेखकाने ते लिहिलेले नसते. ती जबाबदारी माझी असते.

माळव्यातील त्या वाचकांना मी उत्तर लिहिले. क्षमा मागितली आणि कळविले की, लेखाचे पुनर्मुद्रण होईल तेव्हा वाक्य असे असेल : 'गाडीवान आपल्या जागेवर चढून बसला.' 'आसन' हा शब्द मी आधी लिहिला होता, मग खोडला. त्यांच्याच पोस्टकार्डात 'जागा' हा शब्द होता, तोच ठेवला. त्यांचे पुन्हा पत्र आले. या खेपेस तीनच ओळी. वडील हयात असते तर त्यांना वाचून दाखविले असते, एवढेच त्यांत होते.

वाचकहो, आपले हे मासिक इंदूर-बडोद्यापासून हैदराबाद-तंजावरपर्यंत, जेथे जेथे मराठी घर आहे तेथे जाते. आपल्या गावी टांग्याच्या, बग्गीच्या, छकड्याच्या त्या पुढल्या जागेस काय म्हणत? चाकाच्या, साजाच्या, जुंपणीच्या कोणकोणत्या शब्दांनी आपले घर एके काळी भरलेले होते? घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि एका पत्रावर आम्हांस लिहून पाठवा. लांबचा प्रवास आहे. शब्द नीट बांधून पाठवावेत. आणि शब्दाबरोबर तो वापरणाऱ्या माणसाची जागाही कळवावी, म्हणजे येथे उतरवून घेताना ती चुकणार नाही.